गोळ्यांच्या मशीनवर कोणी हात मारू नये म्हणून : मुंबईतल्या मशीनवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सलूनच्या बाकाशेजारी, हॉटेलच्या गल्ल्यापाशी, गेम झोनच्या दारात किंवा सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये उभं असतं ते खाऊच्या गोळ्यांचं मशीन. खाचेत नाणं घाला, मूठ फिरवा, झडप उचलून ओंजळीत गोळ्या घ्या. वीज लागत नाही, माणूस लागत नाही, म्हणून बरेच जण जोडधंदा म्हणून चार-सहा मशीन लावतात. माणूस नसल्यामुळेच चोरीचे प्रश्नही त्यांना सारखे पडतात. खालची उत्तरं अशा छोट्या मशीनवाल्यांसाठी आहेत.

या मशीनमधून नेमकं काय चोरीला जातं?

मशीनच्या गल्ल्यातली चिल्लर, बरणीतला माल आणि कधी कधी अख्खं मशीन. नवा माणूस धास्ती घेतो ती कुलूप फोडून गल्ला नेण्याची. पण असं एकदा झालं तर ते दिसतं, आणि नुकसान त्या दिवसापुरतंच राहतं. जास्त पैसे जातात ते न दिसणाऱ्या गळतीतून : दर वसुलीला थोडी चिल्लर कमी, वॉशरवर निघालेल्या गोळ्या, कमी किमतीच्या नाण्यावर फिरलेली मूठ. ही गळती वर्षभर चालू राहते आणि मशीनवाला म्हणतो, “हल्ली धंदाच बसलाय.” म्हणून मोठं कुलूप आणायच्या आधी हिशेबाची वही आणा, असं माझं ठाम मत आहे.

मशीनला मीटर नाही. चोरी होतेय हे कळणार कसं?

तराजूने. किराणा दुकानातला साधा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो.

आधी मशीन घरी लावून वीस-पंचवीस वेळा फिरवा, निघालेल्या सगळ्या गोळ्या एकत्र तोला आणि एका फेरीला सरासरी किती ग्रॅम माल पडतो ते काढा. मूठ फिरवली की गोळ्या खाली सोडणाऱ्या चकतीचा कप्पा लहान-मोठा करता येतो, त्यामुळे हा आकडा प्रत्येक मशीनचा आणि प्रत्येक मालाचा वेगळा येतो. बडीशेपेच्या बारीक गोळ्या आणि मसाला शेंगदाणे एकाच मापाने पडत नाहीत. समजा एका फेरीला २० ग्रॅम पडतात आणि दर १० रुपये आहे. मग ३ किलो माल संपला की १५० फेऱ्या झाल्या, गल्ल्यात १,५०० रुपये हवेत.

नाणीही मोजत बसू नका, तोला. दहाचं नाणं ७.७ ग्रॅमच्या आसपास भरतं : २०११ च्या मालिकेतलं ७.७१, २०१९ च्या मालिकेतलं ७.७४. म्हणजे किलोभर नाण्यांत साधारण १३० नाणी, १,३०० रुपये. वरच्या उदाहरणातले १,५०० रुपये १,१५५ ते १,१६५ ग्रॅम भरले पाहिजेत. दुकानदारासमोर दोन मिनिटांत हिशेब होतो आणि त्याचाही विश्वास बसतो.

वहीत प्रत्येक मशीनचं पान वेगळं ठेवा. तारीख, बरणीत उरलेला माल, नव्याने घातलेला माल, गल्ल्याचं वजन, कोणी उघडलं. थोडी तफावत नेहमीच राहणार, कारण गोळ्या तुटतात, चुरा होतो, एखादी फेरी जास्त भरते. पण तीच तफावत एकाच मशीनमध्ये, एकाच दिशेने, वसुलीमागून वसुली दिसली की तिथे कारण आहे आणि ते शोधायलाच हवं.

पाच रुपयांचं मशीन घ्यावं की दहाचं?

दहाचं. कारण नाण्यांच्या मापात आहे.

साध्या यांत्रिक मशीनला नाण्यावर काय छापलंय ते कळत नाही. ते फक्त व्यास आणि जाडी ओळखतं. २०११ च्या मालिकेत पाचचं नाणं २३ मिलिमीटरचं होतं आणि दोनचं २५ चं. २०१९ ची मालिका आली आणि मापं उलटी झाली : दोनचं २३, पाचचं २५. म्हणजे जुन्या पाचच्या नाण्यावर बेतलेल्या खाचेत नवं दोनचं नाणं व्यासाने अगदी चपखल बसतं. त्याला अडवते ती फक्त जाडी, कारण दोनचं नाणं पातळ आहे. आतला दात, म्हणजे चुकीचं नाणं अडवणारा खटका, झिजला असेल तर तीही अडवत नाही. उलट नवं पाचचं नाणं घेऊन आलेल्या प्रामाणिक पोराचं नाणं खाचेत शिरतच नाही. तो जोर लावतो, खाच वाकते, आणि तुम्ही म्हणता कोणीतरी छेडछाड केली.

दहाचं नाणं मात्र दोन्ही मालिकांत २७ मिलिमीटरचंच आहे. डिझाइन अनेक आहेत. दहाच्या नाण्यांची १४ डिझाइन चलनात असून सगळी वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं. पण माप एकच, म्हणून यंत्रणा एकदा नीट बसवली की प्रश्न मिटतो. तरीही दोन नाणी हातात घेऊन तपासा. एक, हाताच्या बोटांची मुद्रा असलेलं दोन रुपयांचं जुनं स्टीलचं नाणं. तेही २७ मिलिमीटरचं आहे, फक्त पातळ. दुसरं, वीस रुपयांचं बारा कोनांचं नाणं, तेही २७ चंच. पहिलं चाललं तर तुमचं नुकसान, दुसरं चाललं किंवा अडकलं तर गिऱ्हाइकाचं. दोन्ही परत बाहेर पडली तरच मशीन दुकानात न्या.

वॉशर, दोऱ्याला बांधलेलं नाणं हे प्रकार अजून चालतात का?

चालतात. स्टेशनवरचे वजनकाटे आणि एक रुपयाचे पीसीओ ज्यांनी पाहिलेत त्यांना दोऱ्याची हातसफाई नवी नाही. मूठ फिरवायच्या मशीनमध्ये मात्र दोरा फारसा कामी येत नाही. नाणं चकतीसोबत फिरून खाली पडतं आणि दोरा मधल्या दातांत कापला जातो. तुकडे आत राहतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं नाणं अडकतं.

वॉशर हा खरा ताप. हार्डवेअरच्या दुकानात कोणत्याही मापाचा मिळतो. वॉशरच्या मधलं भोक ओळखून अडवणारा जादा दात असलेली यंत्रणा मिळते, विकत घेताना तीच मागा. गल्ल्यात वॉशर सापडले तर फेकू नका. तारीख लिहून पिशवीत ठेवा. एकाच मापाचे, एकाच दुकानातल्या मशीनमध्ये पुन्हा पुन्हा येत असतील तर आणणारा त्याच गल्लीतला, रोजचा आहे. दुकानदाराला ते वॉशर दाखवा. बहुतेक वेळा तो लगेच नाव सांगतो.

कुलूप कोणतं घ्यावं?

मशीनसोबत आलेलं तर पहिल्याच दिवशी बदला. स्वस्त मशीनमध्ये एका खेपेच्या सगळ्या कुलपांना एकच चावी असते. ज्याने तसलं दुसरं मशीन घेतलं त्याच्याकडे तुमच्याही मशीनची चावी आहे. नागदेवी किंवा लोहार चाळीच्या बाजूला हार्डवेअरवाल्यांकडे तुमचं जुनं कुलूप घेऊन जा, त्याच व्यासाचं आणि लांबीचं, पण वेगळ्या चावीचं मागा. गोल चावीचं घेणार असाल तर हलक्यातलं घेऊ नका. ते चावीशिवाय सहज फिरतं.

लोक खालच्या गल्ल्याच्या कुलपाकडे पाहतात आणि वरचं विसरतात. बहुतेक मशीन मधल्या एका लोखंडी दांड्यावर आवळलेली असतात आणि झाकणाचं कुलूप त्या दांड्याच्या टोकाला बसतं. ते सुटलं की झाकण, बरणी, यंत्रणा सगळं सुटं होतं. वरचं कुलूप खालच्याइतकंच चांगलं असू द्या.

दर वसुलीला कुलपाचं तोंड टॉर्च मारून बघा. चावीने पडणारे ओरखडे भोकाच्या कडेला, एका रेषेत असतात. स्क्रू ड्रायव्हर किंवा सळईने केलेले खुणावतात : गोलाकार, वेडेवाकडे, रंग उडून खाली चकचकीत धातू दिसणारे. ताजा ओरखडा चकाकतो, आठवड्याभराचा मळतो. एवढ्यावरून कधी प्रयत्न झाला याचा अंदाज येतो आणि सीसीटीव्हीत कोणता दिवस पाहायचा ते ठरतं.

वसुलीला माणूस ठेवला आहे. त्याच्यावर कितपत विसंबावं?

माणसावर विश्वास ठेवा, पण चावी आणि हिशेब एका हातात देऊ नका. कुंपणानेच शेत खाल्लं तर तिजोरीचं कुलूप लावूनही उपयोग नाही. माल भरणाऱ्याकडे वरची चावी आणि गल्ला काढणाऱ्याकडे खालची, अशी वाटणी करता आली तर उत्तम. एकच माणूस असेल तर गल्ल्याचा डबा जादा घ्या. तो भरलेला डबा सीलसकट आणेल, रिकामा बसवून येईल, आणि डबा उघडेल तुमच्यासमोर. नंबर छापलेली प्लास्टिकची सीलं कुरिअरवाले वापरतात तीच चालतात. सीलचा नंबर वहीत लिहा.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लोकलने ठाण्याहून चर्चगेटपर्यंत चिल्लरचं ओझं घेऊन फिरणाऱ्या पोराला पगार नीट आणि वेळेवर द्या. तफावत निघाली तर चारचौघांत त्याच्यावर आळ घेऊ नका. आधी मशीन उघडून दात तपासा, फेरीचं माप पुन्हा घ्या. कित्येकदा चोर यंत्रात असतो.

चावीच्या गुच्छावर दुकानाचं नाव लिहू नका, नंबर घाला. गुच्छ हरवला तर त्याच दिवशी कुलपं बदला.

अख्खं मशीनच उचलून नेलं तर?

बरणीसकट टेबलावर ठेवायचं मशीन एक माणूस काखेत मारून नेऊ शकतो. स्टँडवरचंही दोघांना जड नाही. जमीन तुमची नसते, त्यामुळे फरशीला भोक पाडायचं तर दुकानदाराची लेखी परवानगी घ्या आणि अँकर बोल्टने स्टँड आवळा. परवानगी मिळाली नाही तर प्लास्टिकचं वेष्टण असलेली स्टीलची दोरी घेऊन ती भिंतीतल्या कड्याला किंवा काउंटरच्या पायाला बांधा. दोरी स्टँडला बांधून भागत नाही, कारण वरचं मशीन स्टँडवरून सुटं होतं. दोन्हीतून ओवा. रात्री शटरच्या बाहेर मशीन ठेवू नका. फुटपाथवर तर दिवसाही नको, तिथे महापालिकेच्या अतिक्रमण विभागाची कारवाई होते.

जागा कोणती निवडावी?

जिथून दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला मशीनची मूठ दिसते ती. पाठ दिसून उपयोग नाही. दारापासून चार पावलं आत, वर दिवा, बाजूला आडोसा नको. मोठ्या मॉलच्या एस्कलेटरखालचा कोपरा कागदावर छान दिसतो, पण तिथे मशीनकडे पाहणारं कोणीच नसतं. त्यापेक्षा परळच्या एखाद्या गल्लीतलं सलून बरं, जिथे मालकाला प्रत्येक पोराचं नाव, मजला आणि आईचा स्वभाव ठाऊक असतो. मशीनचा खरा राखणदार तो मालकच. महिन्याचं भाडं ठरवण्यापेक्षा विक्रीवर टक्केवारी द्या, म्हणजे गळती त्याच्याही खिशाला लागते.

लोक मशीनला थपडा आणि लाथा मारतात. हीसुद्धा छेडछाडच ना?

बहुतेक वेळा ती तक्रार असते. पोराने दहा रुपये टाकले, मूठ अडकली, गोळ्या आल्या नाहीत, दुकानदार म्हणाला “मशीन माझं नाही.” मग त्याने काय करावं? मशीनवर ठळक अक्षरांत फोन नंबर आणि तुमचा अन्न नोंदणी क्रमांक लावा आणि दुकानदाराकडे पन्नास-शंभर रुपये ठेवून सांगा की अडकलेले पैसे न विचारता परत द्यायचे. हे पैसे मशीनच्या दुरुस्तीपेक्षा नेहमीच कमी भरतात. परत दिलेल्या पैशांची नोंद ठेवायला सांगा, त्यावरून कोणती यंत्रणा वारंवार अडते तेही कळतं.

मुलं झडपेतून बोटं घालून गोळ्या ओढतात.

झडपेची स्प्रिंग ढिली झाली असेल किंवा चकतीवरचा ब्रश झिजला असेल. दोन्ही बदला. बोटं अडकून इजा होऊ शकते, त्यामुळे हे काम पुढच्या वसुलीवर ढकलू नका.

झाकण उघडलेलं सापडलं, पण माल जसाच्या तसा आहे. काय करावं?

सगळा माल फेकून द्या. चाळून, निवडून, वरचा थर काढून नाही. सगळा.

चिल्लर गेली तर नुकसान तुमचं. पण सुट्या गोळ्यांत कोणी काही मिसळलं, मुद्दाम किंवा उनाडपणाने, तर ते एखादं लहान मूल तोंडात घालणार आहे. या धंद्यात मला याहून मोठी भीती कशाचीच वाटत नाही. म्हणून झाकण आणि बरणीच्या सांध्यावर नंबरचं सील लावा किंवा काढताना फाटणारा स्टिकर चिकटवा. दुकानदाराला एकच सूचना द्या : सील तुटलेलं दिसलं की मशीनवर कापड टाकायचं, नाण्याच्या खाचेवर चिकटपट्टी लावायची आणि फोन करायचा. बरणीला तडा गेला असेल तरी हेच. माल काढल्यावर बरणी, चकती, घसरण सगळं धुऊन, पूर्ण वाळवून मगच नवा माल भरा. मालाच्या पाकिटावरचा बॅच नंबर वहीत असेल तर तक्रार आल्यावर तुम्हाला उत्तर देता येतं. काही विचित्र सापडलं तर माल फेकण्याआधी नमुना बंद पिशवीत वेगळा ठेवा आणि पोलिसांना व अन्न व औषध प्रशासनाला कळवा.

बरणी पॉलिकार्बोनेटची घ्या. काच फुटली तर तुकडे थेट गोळ्यांत जातात. पण पॉलिकार्बोनेट थिनरने किंवा अमोनियाच्या काच-क्लीनरने पुसू नका, बारीक तडे जातात आणि नंतर हलक्या धक्क्याने फुटते. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

आता सगळे यूपीआय करतात. क्यूआर लावला तर चोरी थांबेल?

गल्ला हलका होतो, हे खरं. पण दुसरा दरवाजा उघडतो. तुमच्या क्यूआरवर कोणी स्वतःचा क्यूआर चिकटवला तर पैसे त्याच्या खात्यात जातात आणि तुम्हाला कळतच नाही. कोड काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या आतून लावा. दुकानदाराने रोज सकाळी त्याच्या कडेवरून नख फिरवावं. वर चिकटवलेल्या कागदाची धार नखाला लगेच लागते. आणि अधूनमधून स्वतः स्कॅन करून नाव तुमचंच येतंय ना ते बघा. पैसे वळवले गेल्याचं दिसलं तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता कमी.

साध्या यांत्रिक मशीनसाठी मला आवडतो तो उपाय जुनाच : दुकानदाराकडे दहाच्या नाण्यांची थैली ठेवा. गिऱ्हाइकाने दुकानदाराला यूपीआय करावं, साउंडबॉक्स बोलला की नाणं घ्यावं. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट दाखवून नाणं मागणाऱ्याला देऊ नये. तीच नाणी मशीनमधून परत निघतात आणि फिरत राहतात, बँकेत चिल्लर घेऊन रांगेत उभं राहावं लागत नाही.

कॅमेरा लावावा का?

दुकानात आहे त्याच्याच टप्प्यात मशीन ठेवा. वेगळ्या कॅमेऱ्याचा खर्च चार मशीनच्या धंद्याला परवडत नाही. फूटेज किती दिवस टिकतं ते मात्र विचारून घ्या आणि वसुलीचं अंतर त्याहून कमी ठेवा.

पावसाळ्यात काय वेगळं करावं लागतं?

मुंबईच्या दमट हवेत गोळ्या एकमेकींना चिकटतात, फेरी कमी पडते, लोक मशीन हलवतात. जून ते सप्टेंबर बरणी अर्धीच भरा, जास्त वेळा भरा. कुलपाला गंज धरला की चावी अर्धवट फिरते आणि आपल्याला बंद वाटलेलं कुलूप उघडंच राहतं. वसुली करणाऱ्याने चावी काढल्यावर झाकण ओढून बघायची सवय लावून घ्यावी. कुलपात तेल सोडू नका, त्यावर धूळ आणि साखर जमते. ग्राफाइटची चिमूटभर पूड चांगली, माल आणि यंत्रणेपासून दूर राहील अशा बेताने. सखल भागात तळमजल्यावर मशीन असेल तर गल्ला रिकामा ठेवा.

मे महिन्याच्या सुट्टीत आणि गणपतीच्या दहा दिवसांत विक्री आणि गर्दी दोन्ही वाढतात. लालबाग-गिरगावकडच्या मशीनची वसुली तेव्हा दोन-तीन दिवसांनी करा. गल्ला भरला की त्याचा आवाजच सांगतो.

एवढ्याशा चिल्लरसाठी पोलिसांत जायचं का?

जा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात चोरी कलम ३०३ मध्ये येते आणि मोडतोड-नुकसान कलम ३२४ मध्ये. चोरीला गेलेला ऐवज ५,००० रुपयांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने ऐवज किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. छोट्या चोरीची बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली जाते. ती तरी घ्याच, कारण पुढे त्याच भागात पुन्हा झालं तर मागची नोंद कामी येते. जाताना मशीनच्या खरेदीची पावती, सिरीयल नंबर, फोटो आणि वहीचं पान न्या. रक्कम अंदाजे सांगू नका, वजनाच्या हिशेबाने सांगा. कुलूप फोडलेलं असेल तर पोलीस येईपर्यंत मशीन पुसू नका, हलवू नका.

पकडला तो शेजारचा शाळकरी मुलगा निघाला तर?

आई-वडिलांना बोलावा, पोरासमोर शांतपणे सांगा, नुकसान भरून घ्या. मारहाण, कोंडून ठेवणं, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणं हे अजिबात नको. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच ठरत नाही, आणि कायद्याच्या कचाट्यात आलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख जाहीर करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ ची बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी दहा रुपयांच्या गोळ्यांपायी एका पोराला गल्लीत चोर म्हणून ओळख मिळू नये.

दुकानदार म्हणतो, “मशीन तुमचं, जबाबदारी तुमची.” बरोबर आहे का?

करारात काही लिहिलं नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. मशीन ठेवतानाच मुद्रांकावर चार ओळी लिहून घ्या : रात्री मशीन आत कोण घेणार, सील तुटलं तर किती वेळात फोन, टक्केवारी किती, दुकान बंद झालं तर मशीन कधी न्यायचं. दुकानदाराच्या विम्यात तुमच्या मशीनचा वेगळा उल्लेख नसेल तर भरपाई मिळेल असं धरून चालू नका.

एखाद्या जागेवरून मशीन कधी काढून घ्यावं?

कुलूप बदललं, दात तपासला, वसुलीचा माणूस बदलून पाहिला, आणि तरीही लागोपाठ तीन वसुल्यांना गल्ला मालापेक्षा ठळकपणे हलका भरला, तर काढा. झाकणाचं सील दोनदा तुटलं तर तिसऱ्याची वाट न बघता काढा. दुकानदाराशी संबंध न बिघडवता “दुसरीकडे मागणी आहे” एवढं सांगितलं तरी पुरतं. नेण्याआधी त्याच्यासमोर शेवटचं वजन करा, त्याची टक्केवारी जागच्या जागी द्या आणि वहीत त्याची सही घ्या.